शकुनबाईचं पुरं म्हणणं

"खिसे दाखवा," शकुन म्हणाली.

वामनराव खाटेवर बसले होते. उजव्या पायाला पट्टी, पाय उशीवर. त्यांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडं. रागिणी नजर चुकवून आत गेली. तेव्हा त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा केला. दोऱ्याचं रीळ निघालं, कागदात गुंडाळलेली सुई निघाली आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या खाटेवर सांडल्या.

"दुसरा."

"दुसऱ्यात काय असन? मी नाई खाल्लं काही."

"मंग शुगर का हवेनं वाढते? डॉक्टर का खोटं बोलून राहिले?"

"डॉक्टरचं मले मालूम नाई. माहं मले मालूम हाय."

"दुसरा खिसा दाखवा."

दुसरा खिसा रिकामाच होता. पण शकुनचं समाधान झालं नाही. खिशात नाही म्हणजे दुसरीकडं कुठं तरी आहे, एवढंच तिला त्यातून कळलं. तिनं उशीखाली हात घातला, खाटेखालची टोपली ओढून पाहिली. वामनराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाकळ्या एकेक वेचून पुन्हा खिशात टाकल्या.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर होतं. दोघं मूळची मोर्शीकडची, माळ्याच्या घरातली. लग्नानंतर शहरात आली ती शहराचीच झाली. देवळाच्या रस्त्याला वामनरावांचं हाराफुलांचं दुकान, आणि त्याला लागून शकुनची गाडी. हंगामात संत्री, एरवी पेरू, सीताफळं, थोडा भाजीपाला. मुलगा योगेश मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता.

वामनरावांना गोडाची आवड फार. लग्नाचे हार पोचवायला गेले की कार्यालयातला आचारी त्यांच्यासाठी पानावर गरम जिलेबी बाजूला ठेवायचा. पण शुगर निघाली त्या दिवशी त्यांनी गोड सोडलं ते सोडलं. चहा बिनसाखरेचा केला. आंबा सोडला. पोळ्याला घरात पुरणाचा वास सुटला की ते उठून दुकानावर जाऊन बसत. देवळातून कोणी पेढा आणून दिला तर कपाळाला लावून शकुनच्या हातात देत. तक्रार कधी केली नाही. एवढ्या सगळ्यात त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट ठेवली होती. कोऱ्या चहाबरोबर बिस्किट.

ते बिस्किट रागिणीनं शोधून आणलं होतं, किसनरावांच्या किराणा दुकानातून. हिरवा पुडा, त्यावर पिवळंधमक मक्याचं कणीस, आणि मोठ्या अक्षरात 'साखर नाही'. घरात सगळ्यांनाच ते आवडलं होतं. बाबांना निदान एवढं तरी मोकळेपणानं खाता येईल, म्हणून रागिणी पुडा कधी संपू देत नसे. वामनराव सकाळी खात, दुपारी दुकानावर खात, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर खात. "मक्याचं हाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आपल्या मक्याचं. त्याच्यात काय वाईट असन?"

आणि शुगर काही उतरत नव्हती. गोळ्या वाढल्या, मग इंजेक्शन आलं. डॉक्टर पहिल्यांदा हसून म्हणाले, काका चोरून खातात बहुतेक. सगळे हसले. वामनरावही हसले. दुसऱ्या खेपेला डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळत नाही आणि दोष औषधाला." त्यानंतर घरातलंही हसणं थांबलं.

शकुननं नवऱ्यावर पाळत ठेवायला सुरुवात केली. जिलेबीवाल्याला विचारून आली. गाडीवरून मधेच उठून हाराच्या दुकानात डोकावू लागली. जवळ जाऊन तोंडाचा वास घेऊ लागली, आणि वामनरावांना ते कळत होतं. एकदा त्यांनी देवाच्या हारावर हात ठेवून सांगितलं, नाही खाल्लं. तिला खरं वाटलं नाही. चपलेनं पायाला झालेली जखम भरेना, अंगठा काळा पडला आणि तो काढावा लागला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून ती नातेवाइकांसमोर म्हणाली, "यायच्या जिभेनं घात केला." वामनराव आतल्या खाटेवर जागे होते. त्यांना ऐकू गेलं.

घरी आल्यावरही रिपोर्ट तसाच आला. म्हणून ते खिसे.

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारची वच्छला आली. ती कॉलेजच्या पोरांना डबे द्यायची आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिच्याकडं आधी पोचायच्या.

"शकुनबाई, बडनेरा रोडच्या हॉटेलात चाल माह्यासंगं. कंपनीवाले आले हायेत. बाया जमवून राहिले. काही खाऊ घालते आन् इचारते, कसं लागलं. बस."

"मले वेळ नाई."

"एसी हाय तिथी. दोन घडी थंड तं बसशीन. घरात नुसती धुसफूस करून राहिली तू."

ते खरं होतं. शकुन गेली.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आत जातानाच एका मुलीनं कागदावर सह्या घेतल्या. मधोमध पुण्याकडच्या एक तरुण मॅडम बसल्या होत्या, फार गोड बोलणाऱ्या. एका कोपऱ्यात कॅमेरा होता, आणि मागं कंपनीचा एक माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन. मॅडम म्हणाल्या, इथे काही चूक-बरोबर नसतं, तुम्हाला जे वाटतं ते मनमोकळं सांगायचं. मग प्रत्येकीपुढं बशी आली. बशीत बिस्किटं, शेजारी पुडा. हिरवा, कणसाचा.

"हे तं आमच्या घरचंच हाय," शकुन वच्छलेला हळूच म्हणाली.

मॅडमनी सांगितलं की यात उसाची साखर नाही, मक्याचा गोडवा आहे. मक्याचं सिरप आता पुष्कळ पदार्थांत असतं, बिस्किटात, सॉसमध्ये, जॅममध्ये, सरबतात. "तर याबद्दल तुमचं मत काय?"

बायका बोलू लागल्या. एक शाळेतल्या बाई म्हणाल्या, मका म्हणजे धान्य, नैसर्गिक आहे, मग चांगलंच असणार. मॅडम म्हणाल्या, छान. एक म्हातारी म्हणाली, "मले तं बाप्पा आजकाल सगळंच गोड लागते. पाव गोड, टमाट्याचा सॉस गोड, पोरायची शेव बी गोड. तिखट खायाचं असन तं घरीच करा लागते." मॅडम म्हणाल्या, छान. एकीची मुलगी बाहेरदेशी होती, ती म्हणाली, तिकडे लोक या सिरपवरून भांडतात म्हणे, पण आपल्याला काय कळतं त्यातलं, आणि पुड्यावरचं अक्षर एवढं बारीक की वाचायला जावं तर डोकं दुखतं. वच्छला म्हणाली, "आमी एवढे भुट्टे भाजून खाल्ले, एकाचाबी असा रस नाई निघाला बा. कुठून काढते हा गोडवा?" सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि छान म्हणाल्या.

मागचा माणूस लॅपटॉपवरून मान वर करून, मदत करावी तशा सुरात म्हणाला, "सोपं आहे. मक्याच्या पिठावर प्रक्रिया करतात. ग्लुकोज सिरप म्हणतात त्याला."

शकुनच्या हातात बिस्किट होतं. ते तिनं बशीत ठेवलं.

ग्लुकोज हा शब्द तिला माहीत होता. अंगठा काढला त्या दिवशी एका नवीन नर्सनं बाटली टांगली होती, तेव्हा मोठी नर्स धावत आली होती. ग्लुकोज नको, शुगरचा पेशंट आहे, म्हणून तिनं ती बाटली काढून दुसरी लावली होती आणि नवीन पोरीला सगळ्यांसमोर रागावली होती.

"ग्लुकोज?" शकुन म्हणाली. "बाटलीतलं?"

"तसंच काहीसं," तो माणूस म्हणाला.

"मंग हे साखरच झाली."

"नाही मावशी. रिफाइंड साखर नाही. बघा, पुड्यावर लिहिलंय." त्यानं पुडा वर धरला. 'साखर नाही'च्या वर, कणसाच्या पानाआड, बारीक अक्षरात 'रिफाइंड' असं होतं. वर्षभराहून जास्त काळ तो पुडा घरात येत होता आणि तो शब्द कोणाला दिसला नव्हता. दिसला असता तरी कळला नसता.

"शुगरवाल्या मानसाले हे चालते का?" शकुननं विचारलं.

मॅडम मधे आल्या. "मावशी, आजचा विषय चवीचा आहे. तुम्हाला चव कशी वाटली?"

"चव?" शकुन म्हणाली. ती खुर्चीतून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "गोड हाय. लय गोड हाय. माह्या घरी रोज येते. माह्या मालकानं दुसरं सगळं सोडलं, पन हे नाई सोडलं. तुमी वर लिहिलं साखर नाई, म्हनून भरोसा ठेवला त्यायनं. त्यायचा अंगठा कापला, बाई. शुगर वाढे आन् आमी त्यायले चोर समजलो. मी माह्या हातानं त्यायचे खिसे तपासले. तुमी साखर इकता तं साखर म्हना. मक्याचं चित्र कायले काढता? त्यायले जिलेबीच खायाची असती तं ते जिलेबी खाते ना. त्यायले खायाची नव्हती, म्हनून तं हे घेतलं."

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. "आम्ही तुमचं म्हणणं नक्की पुढे पोचवू," त्या म्हणाल्या. या वेळी त्या छान म्हणाल्या नाहीत.

निघताना प्रत्येकीला भेटीची पिशवी दिली. शकुननं घेतली नाही.

घरी येऊन तिनं फळीवरचा पुडा काढला, वामनरावांच्या समोर बसली आणि जसं घडलं तसं सांगितलं. ते ऐकून घेत होते. तिचं बोलणं संपलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मी खाल्लं नव्हतं."

"नाई."

"ते तं मी सांगतच होतो."

तिला वाटलं, आता हे ओरडतील, काही तरी फेकतील. तिला ते चाललं असतं. पण त्यांनी फक्त पाय उचलून नीट ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. तसेच पाठमोरे ते बोलले. "पायाचं काही नाई, शकुन. दुखते तं दुखते. पन घरातले सारे माह्याकडं असे पाहात होते. सूनबाई डबे लपवे. मले दिसे ते."

आत रागिणी रडायला लागली. शकुनला मात्र रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुडा घेऊन डॉक्टरांकडं गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली. "हे किती खात होते?"

"दिवसभर. पुडा संपे."

"मैदा, वर हे सिरप. वाढणारच शुगर. मला कोणी सांगितलंच नाही."

"तुमी इचारलं कुठी? तुमी इचारलं, गोड खाता का. ते नाई म्हने, कारन ते खात नव्हते. तुमी त्यायले खोटं पाडलं."

डॉक्टरांना अशा बोलण्याची सवय नव्हती. बाहेर पेशंट थांबलेत, असं ते म्हणाले.

बिस्किट बंद झालं आणि शुगर उतरू लागली. पण पायातलं विष आधीच वर चढलं होतं. पावसाळ्यात घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. हाराचं दुकान बंद केलं. वामनराव घरीच खाटेवर बसून गजरे, हार ओवत आणि शकुन ते गाडीवर फळांच्या बाजूला टांगून विकत असे. त्यांच्या हातांचा वेग कमी झाला नव्हता. फक्त आता ते काम करताना कोणाशी बोलत नसत.

दिवाळीच्या तोंडावर, आंबिया बहाराची संत्री गाडीवर लागली होती, तेव्हा बँकेत नोकरीला असलेली एक नेहमीची गिऱ्हाईक आली. हसतच आली. "शकुनमावशी, तुम्ही सांगितलंच नाही. एवढ्या मोठ्या झालात," म्हणत तिनं मोबाईल पुढं केला.

पडद्यावर शकुन होती. तीच खुर्ची, तेच लुगडं. कडेनं हिरवी चौकट, खाली मक्याची कणसं डुलत होती आणि मागं पेटी-तबल्याचं संगीत. पडद्यावरची शकुन म्हणाली, "गोड हाय. लय गोड हाय. माह्या घरी रोज येते. माह्या मालकानं दुसरं सगळं सोडलं, पन हे नाई सोडलं. भरोसा ठेवला त्यायनं." मग अक्षरं आली: अमरावतीच्या शकुनताईंचा भरोसा.

शकुननं हातातलं संत्रं तराजूत ठेवलं.

"मी पण आणला पुडा लगेच," गिऱ्हाईक सांगत होती. "सासऱ्यांना शुगर आहे ना माझ्या. म्हटलं, जाहिरातीतल्या बायका खोट्या असतात, पण ह्या तर आपल्या मावशी."

"फेकून द्या तो," शकुन म्हणाली.

"काय?"

"पुडा. घरी जाऊन फेकून द्या. मी असं नाई म्हटलं."

"अहो, पण तुमचाच आवाज आहे."

"आवाज माहाच हाय. बोलनं माहं नाई. मधातलं काढून टाकलं त्यायनं." तिनं पुन्हा सगळं सांगितलं. गिऱ्हाईक ऐकत होती, पण मधे मधे मोबाईलकडं बघत होती. तिला दोन्हींतलं कोणतं खरं मानावं ते कळत नसावं. शेवटी "बरं, बघते हं," म्हणून ती गेली. संत्री न घेताच गेली.

गाडी वच्छलेच्या हवाली करून शकुन किसनरावांच्या दुकानात गेली. दाराशीच तिचा फोटो टांगला होता, माणसाएवढा. खाली हिरव्या पुड्यांची रास.

"हे काढा, किसनराव."

किसनराव गल्ल्यावरून उठले नाहीत. "कंपनीचं हाय ते. मले काढता नाई येत. आन् तुमचं काय बिघडलं? तुमचा फोटो पाहून लोक घेऊन राहिले. अख्ख्या राजापेठेत तुमचं नाव झालं."

"यामुळे माह्या मालकाचा पाय गेला. तुमाले मालूम हाय."

"मले मालूम हाय. पन ते मंग तुमी कॅमेऱ्यासमोर म्हनाले पाह्यजे होतं."

तिथं उभ्या असलेल्या दोन बायका फोटोकडं आणि तिच्याकडं आलटून पालटून बघत होत्या. शकुननं त्यांना सांगायला तोंड उघडलं. किसनराव म्हणाले, "शकुनबाई, दुकानात तमाशा नको."

संध्याकाळी घरी आली तर शेजारच्या घरातून तिचाच आवाज येत होता. गोड हाय, लय गोड हाय. कोणी तरी पुन्हा पुन्हा लावत होतं. वामनराव हातातला अर्धा ओवलेला हार मांडीवर ठेवून ऐकत बसले होते.

"मी असं नाई म्हटलं," ती दारातूनच म्हणाली.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मले इचारू बी नको. तू म्हटलं नसशीन."

एवढंच बोलून त्यांनी हार पुन्हा उचलला. शकुन उंबऱ्यातच खाली बसली. तिनं त्यांच्यावर वर्षभर विश्वास ठेवला नव्हता आणि त्यांनी तिच्यावर ठेवायला क्षणभरही वेळ लावला नव्हता. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

कंपनीचं ऑफिस अकोल्याला होतं. योगेश म्हणाला, मी जाऊन येतो. शकुन म्हणाली, मी जाते. वामनराव म्हणाले, "मी बी येतो." पाय गेल्यापासून ते दवाखान्याशिवाय कुठं गेले नव्हते. कुबड्या घेऊन ते एसटीत चढले, कंडक्टरनं हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

ऑफिसात कुंदन नावाचा अधिकारी भेटला. तिशीतला, नीटनेटका. त्यानं शकुनला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला. "अरे, शकुनताई. या, या. तुमची जाहिरात फार चालली. मुंबईहून फोन आला होता." त्यानं चहा मागवला. चहाबरोबर बशीत बिस्किटं आली.

"ती जाहिरात बंद करा," शकुन म्हणाली. "नाई तं पुरं दाखवा."

"पुरं म्हणजे?"

"मी जेवढं बोलली तेवढं. शेवटापर्यंत."

कुंदनचा चेहरा बदलला नाही, पण त्याची नजर पहिल्यांदा वामनरावांच्या पायाकडं गेली. पायजम्याचा मोकळा भाग त्यांनी दुमडून पिनेनं टाचला होता. "ताई, जाहिरात माझ्याकडे बनत नाही. ती मुंबईला बनते. मी फक्त माल बघतो."

"तं मुंबईले फोन लावा."

"आणि तुम्ही सही दिली आहे. शब्द तुमचेच आहेत, आम्ही एक शब्दही वाढवलेला नाही."

"वाढवला नाई. कापला."

"वेळ कमी असतो ना ताई. लोक एवढं बघत नाहीत." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या घरी काही अडचण असेल तर मी शब्द टाकू शकतो. सणासाठी काही भेट, थोडी मदत. साहेब नाही म्हणणार नाहीत."

वामनरावांनी बिस्किटांची बशी एका बोटानं कुंदनकडं सरकवली. "तुमच्या घरी कोनाले शुगर हाय का?"

"वडिलांना."

"त्यायले देता का हे?"

कुंदननं बशी टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. तो म्हणाला, "काका, मी नोकरी करतो."

"आमी बी धंदाच करतो," वामनराव म्हणाले. "माह्या हारातलं फूल शिळं असलं तं मी सांगतो, शिळं हाय. मंग घेनारा घेते, नाई तं नाई घेत. तुमी सांगत नाई. तुमी माह्या बायकोच्या तोंडातून सांगता." त्यांनी कुबड्या जवळ ओढल्या. "चाल शकुन. याच्या हातात काही नाई. हा खरंच बोलून राहिला."

दोघांनीही चहाला हात लावला नव्हता.

घरी पोचल्या पोचल्या शकुननं योगेशला हाक मारली. "तुह्या मोबाईलवर काढ माहं बोलनं."

ती वामनरावांच्या शेजारी खाटेवर बसली आणि पहिल्यापासून सांगत गेली. हिरवा पुडा, रागिणीची माया, डॉक्टरांचं हसणं, स्वतः तपासलेले खिसे, नर्सनं काढलेली बाटली. मधे तिला खोकला आला, तेही तसंच राहिलं. मधे वच्छला दारात येऊन "काय करून राहिली" म्हणाली, तेही राहिलं. बोलून झाल्यावर योगेशनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, लय लांब झालं. मधलं थोडं काढतो. लोक एवढं पाहत नाईत."

"तो कुंदन बी हेच म्हने."

योगेशनं खाली आपला नंबर लिहून ते आहे तसं नेटवर टाकलं.

फार थोड्यांनी पाहिलं. ज्यांनी पाहिलं त्यांतल्या काहींनी खाली लिहिलं की पैसे वाढवून मिळाले नाहीत म्हणून बाई आता उलटली. योगेशनं ते आईला वाचून दाखवलं नाही, पण रागिणीकडून तिला कळलंच. तिनं तो विषय कोणाकडं काढला नाही. गाडीवर कोणी जाहिरातीचं नाव काढलं की ती हातातलं काम थांबवून पहिल्यापासून सांगायची. घाई असलेलं गिऱ्हाईक निघून जायचं. जाऊ द्यायची. किसनरावांच्या दारातला फोटो दिवाळीनंतर आपोआप उतरला. त्या जागी दुसरा लागला, त्यात नागपूरची कोणी बाई होती, हातात तोच पुडा. ती खरोखर काय बोलली असेल, असा विचार शकुन तिथून जाताना रोज करायची.

माघ लागला होता. एका दुपारी शकुन जेवायला घरी आली असताना योगेशनं तिच्या हातात फोन दिला. बाळापूरहून कोणी बाई बोलत होती. नाव सत्यभामा. कोणी तरी पुढं पाठवलेला तो लांबलचक व्हिडिओ तिनं पुरा पाहिला होता.

"ताई, आमच्या घरी बी तोच पुडा येते," पलीकडून आवाज आला. "मी बी यायचे खिसे पाहे. काल तं मी पोरायसमोर बोलली यायले. आता कोन्या तोंडानं सांगू?"

शकुननं वामनरावांकडं पाहिलं. त्यांनी हार बाजूला ठेवला आणि हात पुढं केला.

"बाई, ते घरी हायेत का?" त्यांनी विचारलं. "त्यायले द्या फोन."

पलीकडं हालचाल झाली, कोणी तरी कोणाला हाक मारली, बाज करकरली. मग एका पुरुषाचा संशयी आवाज आला. "कोन बोलून राह्यलं?"

"मी अमरावतीहून वामन," वामनराव म्हणाले. "आपली ओळख नाई. भाऊ, तुमी खाल्लं नाई. मले मालूम हाय."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शकुन ताटावरून उठून उभी राहिली होती. वामनरावांनी तिला हातानंच बस म्हणून खुणावलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.